रुसवा, अबोला, काडीमोड

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या टिपणीसबाई गणिताच्या शिकवण्या घेतात. पण शिकवणीला आलेलं पोरगं डोळे पुसत दारात उभं असेल, तर बाई त्याला वही उघडू देत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "रुसवा, अबोला, की काडीमोड?"

तीनच पर्याय. 'ब्रेकअप' हा शब्द त्यांच्या घरात चालत नाही. त्यांच्या मते तो फार ढोबळ आहे, त्यातून दुखणं किती ते कळत नाही. रुसवा म्हणजे दोन दिवसांचं काम. त्याला त्या एक लिमलेटची गोळी देतात आणि सरळ इंटिग्रेशनला बसवतात. अबोला आठवडाभर चालतो. त्यावर उपाय म्हणून दोघांना खोलीच्या दोन टोकांना बसवायचं आणि दोघांत एकच पट्टी द्यायची. पट्टी मागण्यापुरतं का होईना, तोंड उघडावं लागतं. काडीमोड असेल तर मात्र बाई हातातला मार्कर खाली ठेवतात, समोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "बरं. पुढची पायरी सांग."

पोरगी हुंदके देत सांगते, त्याने मला ब्लॉक केलं. "बरं. पुढची पायरी सांग." मग तो दुसऱ्या मुलीबरोबर कँटीनमध्ये बसला. "बरं. पुढची पायरी." असं करत करत गोष्ट शेवटाला येते, आणि तोवर रडायचं काही उरलेलं नसतं. तेही इंग्रजीत सांगायचं नाही. "इंग्रजीत रडलं की लवकर आवरत नाही," असा बाईंचा ठाम सिद्धांत आहे. मराठीत सांगा, नाहीतर आपापल्या मातृभाषेत सांगा, मला कळलं नाही तरी चालेल, पण इंग्रजी नको.

आमची बिल्डिंग अल अमेरातला, म्हणजे मस्कतच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. मल्याळी, तामिळ, गुजराथी, सगळी बिऱ्हाडं आहेत, आणि त्या सगळ्यांची अकरावी-बारावीतली पोरं बाईंकडे. एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलाने मला विचारलं, "काकू, दमलेल्या दिसता. मनस्ताप झाला का?" मी दोन मजले त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या पोटच्या मुलीला तेव्हा 'मनस्ताप' हा शब्द येत नव्हता.

बाईंची दुसरी ख्याती म्हणजे कपाट. आपल्या पोरांची प्रेमं शाळेच्या बसमध्ये जमतात आणि रिसेसमध्ये वाढतात, ते ठीक आहे. पण भेटवस्तू ठेवायची कुठे? घरी नेली की आई विचारणार हे कुणी दिलं, दप्तरात ठेवली की वर्गातल्या मॅडम विचारणार. म्हणून बाईंच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे. प्रत्येक जोडीला त्यात एक उशीचा अभ्रा. त्यात कॉफीचे मग, टोप्या, अर्ध्या अर्ध्या बदामाच्या की-चेन, मत्रहच्या बाजारातली चांदीची अंगठी. एका गुणी मुलाने तर मैत्रिणीला लोबानचा अख्खा डबा दिला होता. त्या वर्षी बाईंकडच्या सगळ्या वह्यांना धूप घातल्याचा वास येई.

कपाटाचे नियम कडक आहेत. चॉकलेट ठेवायचं नाही, मुंग्या येतात. ते जागच्या जागी सगळ्यांनी मिळून खायचं. काडीमोड झाला की अभ्र्याला गाठ मारायची आणि तीन महिने कुणी त्याला हात लावायचा नाही. फेकायचं नाही, फोडायचं नाही, तोंडावर परत मारायचं नाही. "थंड होऊ दे. तीन महिन्यांनी वाटेल ते कर. आज काही करायचं नाही." आणि सर्वांत मोठा नियम असा, की जानेवारी लागल्यापासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत कुणीही तोडायचं नाही. तोडायचं असेल तर डिसेंबरच्या आत, नाहीतर पेपर झाल्यावर. गंमत म्हणजे पोरं हे ऐकतात. अजिबात न पटणारी एक जोडी केमिस्ट्रीच्या पेपरापर्यंत नेटाने एकत्र राहिली आणि पेपर टाकून बाहेर आल्यावर जिन्यातच मोकळी झाली.

हे सगळं मला कसं कळलं? माझ्या मुलीकडून, सईकडून नाही. मला हे सांगितलं बाईंच्या मुलाने, ओंकारने. तो सईच्याच वर्गात. दुपारी चार ते रात्री आठ त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याचे बाबा नोकरीला लांब रुस्ताकला, येतात ते गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला. म्हणून चार वर्षांपूर्वी बाईंनी मला विचारलं, "सईची आई, ओंकारला तुमच्याकडे बसू द्याल का अभ्यासाला? आमच्याकडे गर्दी असते." मी म्हटलं, बसू दे. तेव्हापासून तो रोज चारला येतो, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, न सांगता लसूण सोलायला घेतो आणि बोलत राहतो. आमच्याकडे सई चारला निघून समोर जाते आणि ओंकार समोरून आमच्याकडे येतो. दोघं एकमेकांना दारात "हाय" म्हणतात.

बाई मला नावाने कधीच हाक मारत नाहीत. सईची आई. तशी पद्धतच आहे, त्यात काही वावगं नाही, पण जिच्या पोटातलं सगळं आपल्याला माहीत आहे तिची आई, असं मला त्यात ऐकू यायला लागलं. मुळात बाईंचं-माझं पहिल्यापासून जरा अडलेलंच. होळीला मी त्यांना पुरणपोळ्या पाठवल्या. ताट परत आलं त्यात लाल शाईची चिठ्ठी: "दहापैकी साडेसात. वेलची कमी." तो लाल पेन त्यांच्या अंबाड्यात कायमचा खोवलेला असतो. तसाच घेऊन त्या सुपरमार्केटमध्ये फिरतात. पायात घरातसुद्धा पळायचे बूट, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. संध्याकाळी सहाला विद्यार्थ्यांच्या समोरच उभ्या उभ्या जेवतात आणि एका हाताने फळ्यावर लिहितात. विनायक, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "बाई हुशार आहेत." मी म्हणते, साडेसात.

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर माणसं न सांगता तोंड उघडून बसतात. घरी आल्यावर मुलीचं तोंड उघडत नाही. शाळा कशी झाली? "फाइन." डबा संपवलास? "याह." कुणाशी भांडलीस का? "आई, प्लीज." सईचं मराठी आधीच अडखळणारं, त्यात ती ते माझ्यावर खर्च करत नाही.

आणि एक दिवस जेवताना ती सहज म्हणाली, "आज वर्गात दोघींचा अबोला आहे, म्हणून प्रोजेक्ट अडलंय."

माझा घास हातातच राहिला. अबोला. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. माझ्या घरात तो कुणी वापरतही नाही. आमच्याकडे भांडण झालं तर विनायक टीव्हीचा आवाज वाढवतो. हा शब्द समोरच्या दारातून आला होता, नीट वापरायला शिकवून पाठवलेला. दुसऱ्याच्या घरी आपल्या मुलीने पोटभर जेवून यावं आणि आपल्याकडे ताटाला नुसता हात लावावा, तसं मला झालं. माझा अगदी तिळपापड झाला. विनायकला सांगितलं तर तो म्हणाला, "मराठी सुधारतंय ना तिचं?" या माणसाशी अबोला धरावा तर त्याच्या लक्षातही येत नाही.

त्यानंतर मी बाईंवर डोळा ठेवायला लागले. डोळा ठेवायला म्हणजे अक्षरशः, दाराच्या भिंगाला.

डिसेंबरच्या सुट्टीत पहिल्या शुक्रवारी बाईंकडे एक सोहळा असतो. बारावी करून भारतात आणि कुठे कुठे शिकायला गेलेली पोरं सुट्टीला मस्कतला आईवडिलांकडे येतात, तशी त्या दिवशी सगळी बाईंकडे येतात. आपापले अभ्रे सोडतात. तीन महिन्यांसाठी ठेवलेल्या वस्तू तीन-तीन वर्षं पडून असतात. पुण्याहून आलेली एक मुलगी, जिने म्हणे काडीमोडाच्या वेळी बाईंचा अख्खा टिश्यूचा डबा संपवला होता, ती त्याच मुलाच्या ताटलीतली कोथिंबीर वडी उचलून खात होती. दार सताड उघडं, चपलांचा ढीग आमच्या उंबऱ्यापर्यंत. पोरं बाईंच्या गळ्यात पडत होती, बाई अंबाड्यातला पेन सावरत होत्या. माझी सई त्या घोळक्यात मधोमध बसून हसत होती. तसं हसताना मी तिला सातवीनंतर पाहिलं नव्हतं.

मी पाऊण तास भिंगापाशी उभी होते. विनायक येऊन म्हणाला, "खुर्ची देऊ का?"

ओंकार त्याही दिवशी आमच्याकडेच होता. सुट्टीचा दिवस, तरी घरात बसायला जागा नाही म्हणून आला होता. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून मटार सोलत होता आणि नेहमीप्रमाणे बोलत होता. मी भिंगातून डोळा न काढता "हो का", "अरे वा" म्हणत होते.

तो सांगत होता की त्याच्या वर्गात एक मुलगी होती. दहावीपासूनची मैत्रीण. तिच्या बाबांचं कंपनीतलं काम संपलं, व्हिसा खलास, आणि पंधरा दिवसांत घर आवरून सगळे कोचीला गेले. आमचं काही बिनसलं नव्हतं काकू, तो म्हणाला. भांडणसुद्धा नाही झालं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण असतं.

"हो का," मी म्हणाले.

तिने जाताना स्वतः विणलेला मफलर दिलाय, तो म्हणाला. मस्कतमध्ये मफलर. ती म्हणाली, पुढे थंडीच्या गावाला शिकायला जाशील तेव्हा घाल. "काकू, तो तुमच्याकडे ठेवू?"

"ठेव की, वरच्या फळीवर ठेव, तव्याच्या मागे." मग मला सुचलं म्हणून विचारलं, "आईच्या कपाटात का नाही ठेवत?"

त्याने एक शेंग फोडली. "तिथे सगळ्यांचं असतं ना, काकू. आईला काही सांगायचं तर मलापण रांगेत उभं राहायला लागेल." आणि मग म्हणाला, "तुम्ही तिला सांगू नका हं."

"नाही सांगणार," मी म्हणाले, आणि भिंगातून बघत राहिले, कारण समोर सईने बाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

जानेवारी लागला. बारावीच्या फेअरवेलला मुली साड्या नेसतात आणि मुलं सूट घालतात. सईने माझी मोरपंखी इरकल महिनाभर आधी काढून ठेवली होती, रोज उघडून बघायची. आणि एक दिवस शाळेतून आली ती बाथरूममध्ये गेली. नळ सोडून रडत होती. नळाच्या आवाजात रडणं लपतं असं या वयाच्या पोरांना का वाटतं कोण जाणे. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"नथिंग."

"डोळे सुजलेत तुझे."

"शॅम्पू गेला. आणि मी फेअरवेलला जाणार नाहीये."

चारला ती समोर गेली. नेहमीपेक्षा आधी, वही न घेता. परत आली ती तोंड धुऊन, शांत होऊन, आणि दोन पोळ्या मुकाट जेवली. माझ्या पोळ्या, माझी भाजी, पण तिचं रडणं मात्र समोर. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू. ओंकारला विचारलं, तुला काही माहीत आहे का? तो म्हणाला, "काकू, ते सईचं आहे." मायलेक सारखेच.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले आणि तीनला बाईंच्या दारात उभी राहिले. शिकवणी सुरू व्हायला तास होता. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे न बोलावता गेले असेन. बाईंनी ताकाचे दोन पेले आणून ठेवले.

"सईचं तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"आहे."

"मग सांगा मला."

"नाही सांगणार."

"अहो, मी आई आहे तिची."

"म्हणूनच नाही सांगणार. माझ्याकडे रडून ती तुमच्याकडे येऊन जेवते. तुम्हाला माहीत आहे असं तिला कळलं की तुमच्यासमोर जेवायचीसुद्धा तिला चोरी होईल."

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला बरं आहे हो. वाढवायची आम्ही, दुखणीखुपणी काढायची आम्ही, आणि आयती मोठी झालेली पोरं तुमच्या गळ्यात पडतात. कपाट भरून ठेवलंय तुम्ही आमच्या पोरांनी."

बाईंनी अंबाड्यातला पेन काढून टेबलावर ठेवला. पेन नसताना त्या एकदम कुणीतरी दुसऱ्याच दिसायला लागल्या. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज शिकवणीतला नव्हता, "सईची आई, ओंकार तुमच्याकडे काय बोलतो?"

मी गोंधळले. "काय म्हणजे? बोलतो आपलं काहीबाही."

"आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या मध्ये तो हवेचा डक्ट आहे ना. पोरांना गणित घालून मी पाणी प्यायला आत जाते. त्याचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत. पण किती बोलतो तो. मी उभी राहते तिथे. पोरं हाका मारतात, मॅम, झालं आमचं, तरी उभी राहते." त्यांनी ताकाचा पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. "घरी आला की मला विचारतो, आई, जेवलीस? मी म्हणते, हो. तो म्हणतो, ओके. झालं आमचं बोलणं."

चार वर्षं तो मुलगा माझ्या टेबलाशी बसून बोलत होता आणि मी त्याला लसूण सोलणारा शेजारचा मुलगा समजत होते.

"डिसेंबरपासून त्याचं हसू येत नाहीये डक्टमधून," बाई म्हणाल्या. "काहीतरी झालंय. रुसवा नाही, अबोला नाही. एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली, पण मला ओळखता येत नाही. मला तुमचा हेवा वाटतो. आज नाही, चार वर्षं वाटतोय. पुरणपोळी खरं तर नऊ गुणांची होती, साडेसात दिले तेव्हाही वाटत होता."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक करू. तुम्ही ओंकारचं सांगा, मी सईचं सांगते."

नियमांच्या बाईंनी स्वतःचा नियम माझ्यासमोर टेबलावर ठेवला होता. मला जे हवं होतं ते हाताच्या अंतरावर होतं. एक वाक्य बोलायचं, आणि सई का रडली ते मला कळणार होतं. ओंकारचं सगळं माझ्या जिभेवर होतं: ती मुलगी, कोची, तव्यामागचा मफलर. बाईंच्या यादीत न बसणारं दुखणं. ते मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

मी फार मोठ्या मनाची आहे म्हणून नाही म्हटलं, असं कुणी समजू नये. त्याने 'सांगू नका' म्हटलं होतं, ते खरंच. पण तेवढंच नव्हतं. इतके महिने मी जळत होते, आणि आता पहिल्यांदाच माझ्याकडे असं काही होतं जे बाईंकडे नव्हतं. ते मला द्यायचं नव्हतं. मला वाटलं होतं 'नाही' म्हटल्यावर आत कुठेतरी थंड वाटेल. बाईंचा चेहरा पाहिल्यावर तसं काही वाटलं नाही. आपल्याला नक्की कसं वाटत होतं ते समोरच्या खुर्चीत बसलेलं दिसावं, तसं झालं.

बाईंनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. मी विचारायला नको होतं." मग म्हणाल्या, "एवढंच सांगा. खातो ना नीट तुमच्याकडे?"

"खातो."

"सईपण बरी आहे," त्या म्हणाल्या. "दुखतंय, पण चूक तिची नाही आणि तिला ते कळलंय. इतकं चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल. आम्ही ताक संपवलं. चारला बेल वाजली, बाईंनी पेन परत अंबाड्यात खोवला, आणि मी घरी आले. ओंकार माझ्या मागोमाग आला. त्या दिवशी मी गॅस बंद करून त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. तो बिचकला. म्हणाला, "काकू, काही झालं का?" मी परत उठून भाजी चिरायला घेतली, तेव्हा कुठे बोलायला लागला.

फेअरवेलच्या दिवशी दुपारी सई इरकल घेऊन माझ्या खोलीत आली. "आई, नेसव ना." मी काही विचारलं नाही. तोंडात तीन सेफ्टीपिना धरल्या आणि निऱ्या घालायला खाली बसले.

वरून तिचा आवाज आला. "आई, जोएलशी माझा काडीमोड झाला. मीच केला, बाईंचा जानेवारीचा नियम मोडून. तो माझे मेसेजेस मित्रांना दाखवत होता. आणि त्याने टाय घेतलाय या साडीच्या रंगाचा, म्हणून मला जायचं नव्हतं." श्वास घेतला तिने. "पण साडी तर माझ्या आईची आहे. टाय त्याने बदलावा."

तोंडात पिना होत्या म्हणून मी काही बोलू शकले नाही, आणि बहुतेक म्हणूनच तिने सांगितलं. मी निऱ्या दोनदा मोडल्या आणि दोनदा घातल्या. आणखी काही सांगते का म्हणून. तिने सांगितलं नाही. पण पदर लावताना ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

बाहेर विनायक ओंकारचा टाय बांधत होता. त्याच्या बाबांना रुस्ताकहून निघायला जमलं नव्हतं, आणि बाईंना टाय बांधता येत नाही, म्हणून तो सूट घालून आमच्याकडे आला होता. विनायकला जगात दोन गोष्टी उत्तम येतात, त्यातली एक टाय. गाठ अशी बसली होती की फोटो काढावा.

आम्ही दार उघडलं. बाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी शिकवणीला सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं, आणि सूट घातलेला मुलगा त्यांना आमच्या घरातून बाहेर येताना दिसत होता.

"येतो, आई."

"काही खाल्लंस?"

"तिथे आहे."

"बरं."

तो लिफ्टकडे वळला. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला दंडाला धरून थांबवलं, टाय नीट केल्यासारखं केलं आणि गाठ ओढून पार कानाकडे नेली. म्हणाले, "अरे, हे काय झालंय? मला नाही बाई हे जमत. टिपणीसबाई, बघता का जरा?"

"मी नीट बांधला होता," विनायक म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाई पुढे आल्या. त्यांनी आधी गाठ सरळ करायचा प्रयत्न केला, मग सगळाच टाय सोडला. ओंकार वाकला, कारण तो आता त्यांच्यापेक्षा हातभर उंच आहे. बाईंनी आपल्या मनाने काहीतरी वेढे दिले आणि टाय शर्टाच्या तिसऱ्या बटणावरच संपला. सई सांगायला पुढे होणार, तेवढ्यात मी तिच्याकडे बघितलं. ओंकारला ते दिसत होतं, पण तो तसाच वाकून उभा राहिला. लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत गेलं नाही, दार मिटलं आणि लिफ्ट खाली गेली.

मग त्याने बाईंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. एक-दोन शब्द नव्हेत, बराच वेळ. बाईंचा हात टायवरच राहिला. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मग त्याच्या गालाला हात लावला, लाल शाईचा डाग पडला तो त्यांनाही दिसला नाही आणि त्यालाही.

मी दोन पावलं पुढे सरकले होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. त्याने काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. तेच सगळं असेल, कोची आणि मफलर, किंवा मला कधीच न सांगितलेलं काही असेल. नंतर तो पूर्वीसारखा चारला यायला लागला, लसूण सोलत बसला, भरपूर बोलला, ते सोडून. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, एवढं आता मला कळतं. पण त्या दिवशी तिथे उभी असताना, माझ्या मुलीने माझी साडी नेसून माझा हात धरलेला असतानाही, माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.